लेकराच्या शुगरचं काम एकट्या मायवर टाकू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात १४ नोव्हेंबरला मधुमेह दिनाचं तुमच्या पेपरात अर्धं पान आलं होतं. रोज चाला, वजन कमी करा, गोड कमी खा, टेन्शन घेऊ नका, असं सगळं. लेख चांगलाच होता, आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, साठीनंतर शुगर निघाली त्यांच्या कामाचा होता. पण तोच पेपर घेऊन गावातले एक जण आमच्या घरी आले आणि माझ्या धाकट्या जावेला, जिच्या पोरीला रोज इन्सुलिनची सुई लागते, म्हणाले, "पाहा वो बाई, यात लिहूनच आहे, गोड बंद करा, पोरीले चालवा, शुगर कंट्रोलमंधी येते म्हणते, मंग काहून टोचून राहिले तुमी त्या लेकराले दिवसातून चारदा?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पोरीच्या मायेनंच बोलले. जाऊ काही बोलली नाही, आत निघून गेली. त्यांना जे सांगायचं राहिलं ते मी इथं लिहून राहिली, कारण असं म्हणणारे ते एकटे नाहीत, प्रत्येक गावात आहेत.

आमचं घर राळेगाव तालुक्यात, एकत्र कुटुंब, कापूस तूर सोयाबीन. पोरगी माझ्या दिराची, मी तिची मोठी आई. आता नऊ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. सहाव्या वर्षी तिला टाइप वन डायबेटिस निघाला. मामाजींची शुगर आणि पोरीची शुगर, नाव एक आहे पण आजार वेगळे. मोठ्या माणसांना जी शुगर होते तिच्यात अंगात इन्सुलिन तयार होते पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही, म्हणून गोळ्या, पथ्य, चालणं याचा उपयोग होतो. टाइप वनमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. इन्सुलिन बनणंच बंद होते. मग ते बाहेरून द्यावंच लागते, रोज, जन्मभर, आणि त्याची गोळी निघालेली नाही, लेकराला सुईच लागते. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही, कोणाच्या स्पर्शानं होत नाही, आणि मायनं डोहाळ्यात पेढे खाल्ले म्हणून तर अजिबातच होत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं कारण माझ्या जावेला पहिलं वर्षभर हेच ऐकावं लागलं, घरातूनही आणि बाहेरूनही. शेवटी जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सासूबाईंना आणि मामाजींना समोर बसवून समजावून सांगितलं तेव्हा घरातलं बंद झालं.

१४ नोव्हेंबर ही तारीख कुठून आली हे पण सांगते. १९२१ साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी इन्सुलिन शोधून काढलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं. त्याच्या आधी असं लेकरू म्हणजे उपाशी ठेवून काही महिने जगवायचं आणि मग नशिबाला सोडून द्यायचं, दुसरा इलाजच नव्हता. शोध लावणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरमध्ये देऊन टाकलं. १४ नोव्हेंबर त्या बँटिंगचा जन्मदिवस, आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन. पहिली सुई एका पोराला लागली, दिवस बालदिनाचा, आणि अर्ध्या पानाच्या लेखात लेकरांबद्दल एक ओळ नव्हती. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आमच्या पोरीचं उन्हाळ्यात सुरू झालं. आमच्या भागातला मे म्हणजे सगळं घरच माठाजवळ असते, त्यामुळे ती जास्त पाणी पिऊन राहिली हे कोणाला वेगळं वाटलं नाही. रात्री तीन तीनदा लघवीला उठायची, आणि अंथरूण ओलं करणं कधीच सुटलं होतं ते परत सुरू झालं. जेवायची बरोबर, उलट जास्तच, तरी फ्रॉक ढिले व्हायला लागले, गळ्याची हाडं दिसायला लागली. मोरीत लघवी केली की तिथं मुंग्या लागायच्या. मग एके दिवशी उलट्या, पोटात दुखणं, आणि श्वास असा खोल आणि भरभर की पळून आल्यासारखा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. जवळच्या एका दवाखान्यात ऊन लागलं म्हणून ग्लुकोजची सलाईन लावली. रात्री ती गुंगीत जायला लागली तेव्हा गाडी करून जिल्ह्याला नेलं, तिथं शुगरच्या मीटरवर आकडासुद्धा येईना, नुसतं 'हाय', म्हणजे मापाच्या वर, असं दाखवत होतं. याला डीकेए म्हणतात, इन्सुलिन नाही म्हणून अंग चरबी जाळायला लागते आणि रक्तात आम्ल चढते. वेळेत उपचार नाही झाला तर लेकरू जाते. आमची वाचली.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की बरीच लेकरं त्यांच्याकडे अशीच येतात, ऊन लागलं, टायफाइड झाला, जंत झाले, अपेंडिक्स असेल, असे उपचार होऊन होऊन. म्हणून गावागावातल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे की लेकराची तहान वाढली, लघवी वाढली, वजन उतरलं आणि आता उलट्या होऊन राहिल्या असं मायनं सांगितलं तर सलाईन लावायच्या आधी बोटातून एक थेंब रक्त काढून मीटरवर पाहा. काही सेकंदांचं काम आहे. मीटर टेबलावर असतेच, फक्त ते मोठ्या माणसांचं म्हणून ठेवलेलं असते, लेकराला लावायचं डोक्यात येत नाही.

आता रोजचं सांगते, कारण लोकांना वाटते सुई टोचली की झालं. सकाळी उठल्यावर बोट टोचून शुगर पाहायची. जेवणाआधी पाहायची, झोपताना पाहायची, मध्ये ती गप्प गप्प वाटली तर पाहायची. त्या आकड्यावर, आणि ती काय खाणार आहे त्याच्यावर, आणि आज खेळणार आहे की घरात बसणार आहे त्याच्यावर डोस ठरतो, डॉक्टरांनी आखून दिलेल्या मापात. जेवणाचं इन्सुलिन वेगळं, लांब चालणारं वेगळं. जागा रोज बदलायची, पोट, मांड्या, दंड, एकाच जागी टोचत राहिलं तर गाठी येतात आणि मग त्या जागेतून इन्सुलिन नीट लागत नाही. ताप आला, जेवली नाही, तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसते, डॉक्टरांना फोन करून डोस विचारायचा. हे सगळं एका बाईनं डोक्यात ठेवायचं, आणि सोबत स्वयंपाक, जनावरं, वावर, दुसरं लेकरू.

शुगर वाढण्यापेक्षा भीती कमी होण्याची. ७० च्या खाली गेली की हात कापतात, घाम येतो, एकदम चिडचिड करते नाहीतर कोपऱ्यात जाऊन बसते, ओठ पांढरे पडतात. तेव्हा चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटं थांबून परत पाहायचं, अजून ७० च्या वर आली नसेल तर परत तेवढंच द्यायचं. मग अर्धी पोळी, बिस्कीट असं काही. पेढा किंवा चॉकलेट देऊ नये, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. आणि लेकरू बेशुद्ध असेल तर तोंडात काही म्हणजे काहीच ओतायचं नाही, श्वासात जाते, कुशीवर झोपवायचं आणि गाडी काढायची. ही पाच-सहा वाक्यं आमच्या गावात आता बऱ्याच जणांना पाठ आहेत. पोरगी खेळता खेळता कोणाच्याही अंगणात बसून जाऊ शकते, म्हणून आम्ही सांगत सुटलो.

झोपेतही कमी होते. आमच्याकडे रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं इतकी झाली की पीक उभं असेपर्यंत दीर रात्री वावरात जागलीला जातात, तुमच्या वाचकांपैकी कितीतरी घरात हेच आहे. म्हणजे दीर वावरात जागलीवर आणि जाऊ घरात जागलीवर. अलार्म लावून दोन-अडीचला उठायचं, मोबाईलच्या उजेडात झोपलेल्या लेकराचं बोट धरायचं, ती झोपेतच हात पुढं करते. तूर, चणा घरात आला की वावरातली जागल संपते. घरातली संपत नाही. माझ्या जावेचं वय बत्तीस पण डोळ्याखाली पाहिलं तर कोणी चाळीशीची म्हणेल.

तिचं माहेर हिंगणघाटकडे, एसटीनं दीड-दोन तासाचा रस्ता. पोरीचा आजार निघाल्यापासून ती माहेरी मुक्कामाला गेलीच नव्हती, दिवाळीला नाही आणि अक्षय तृतीयेलाही नाही. सख्ख्या भावाच्या लग्नाला हळदीच्या दिवशी जाऊन रात्रीच्या आत परत आली कारण सुई फक्त तिलाच येत होती. मग तिच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. त्या वेळी मी म्हटलं की मला शिकव. घरात सगळे घाबरले, हात कापला तर, जास्त गेलं तर. मी ओपीडीतल्या सिस्टरकडे बसून शिकली, आधी रिकामी सुई स्वतःच्या पोटाला टोचून पाहिली. मग पोरीनंच शिकवलं म्हणा, "मोठी आई, चिमटा धर, टोच, आता धा मोज, मंग काढ." सहा-सात वर्षांचं लेकरू मला धीर देऊन राहिलं होतं.

जाऊ माहेरी गेली, वडिलांजवळ राहिली, आणि आल्यावर सांगितलं की तिथं पहिल्या दिवशी दुपारी जी झोपली ते संध्याकाळीच उठली, तिच्या आईला वाटलं हिला बरं नाही.

माझं सगळं म्हणणं याच्यातच आहे साहेब. ज्या घरी असं लेकरू आहे त्या घरात कमीत कमी दोन माणसांना सगळं यायला पाहिजे, मदतीपुरतं नाही, पूर्ण. मीटर, सुई, डोस, कमी झाली तर काय, वाढली तर काय. एकच माणूस असलं तर ते माणूस आजारी पडू शकत नाही, माहेरी जाऊ शकत नाही, रडूसुद्धा शकत नाही. आणि ते एकच माणूस नेहमी मायच असते. बापलोक म्हणतात मला सुई पाहवत नाही. पण तेच बाप गाई-बैलाचं सगळं करतात, वेत अडलं तर रात्रभर हात घालून बसतात. लेकराची सुई त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक, सहा-आठ मिलिमीटरचा प्रश्न आहे. माझ्यानंतर दीर शिकले, आता पेरणीच्या दिवसात सकाळची सुई तेच देतात आणि पोरीशी तेवढा वेळ गोष्टी करतात, त्या दोघांचं पहिल्यापेक्षा जास्त जमते. माझा तेरा वर्षांचा मुलगा शुगर तपासतो, कमी असली तर साखरपाणी करून देतो. त्याला सुई देऊ देत नाही, तेवढं ओझं लेकरावर नको.

लहान भावाचं पण पाहावं लागते. तिचा भाऊ पाच वर्षांचा, सगळं घर ताईच्या मागं, ताईच्या बॅगेत बिस्किटं, ताईला रात्री उठवतात, तर तो एक दिवस बोट पुढं करून उभा राहिला, "मले बी टोच." जावेनं त्याचं बोट खरंच टोचून मीटरवर आकडा दाखवला, तो खूश. तेव्हापासून मी ठरवलं की आठवड्यातून एक संध्याकाळ पोरगी माझ्याकडे आणि माय फक्त पोराची. दुसरं माणूस तयार असलं की हे जमते, नाहीतर दुसऱ्या लेकराचं बालपण चुपचाप बाजूला पडून जाते.

खाण्याबद्दल लोकांचा फार गैरसमज. गोड बंद केलं की झालं असं नाही, भात, पोळी, भाकर, बटाटा, साबुदाणा, सगळ्याचीच रक्तात साखर होते. आणि गोड कायमचं बंद असंही नाही. भाताची एक ठरलेली वाटी आहे, तिच्यानंच मोजून वाढतो, जवारीची भाकर केवढी ते ठरलेलं आहे. वरण, भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक याला एवढं मोजावं लागत नाही. भुलाबाईच्या दिवसात पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखतात, पहिल्या वर्षी बायांनी तिला वेगळे फुटाणे काढून ठेवले होते, प्रेमानंच, पण तिनं ते खाल्ले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी गाण्याला गेली नाही. आता तिच्या वाट्याला जो खाऊ येतो तो ती घरी आणते किंवा जावेला फोन करून सांगते काय आहे, आम्ही तेवढं इन्सुलिन धरतो आणि ती सगळ्यांसोबत खाते. तान्ह्या पोळ्यालाही तसंच, लाकडी बैल घेऊन घरोघर फिरते, मिळालेलं डब्यात जमा करते, रोज थोडं थोडं खाते. महालक्ष्मीच्या जेवणात पुरणपोळी पण असते तिच्या पानात, अर्धी.

पंगतीचं मात्र सांभाळावं लागते. आमचं जे जेवणाचं इन्सुलिन आहे ते अर्धा तास आधी टोचायचं असते, आणि लग्नात बारा वाजताची पंगत दोनला बसते हे सगळ्यांना माहीत आहे. आधी टोचून ठेवलं आणि जेवण आलंच नाही तर मांडवातच शुगर पडते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, बाहेर जेवायचं असलं तर पान वाढलेलं डोळ्यानं दिसल्याशिवाय सुई नाही, तेव्हा थोडी शुगर वाढली तरी चालेल. पाहुण्यांनीही समजून घ्यावं, असं लेकरू आलं असेल तर त्याला पहिल्या पंगतीत बसवावं, मानपान नंतर पाहावा.

आमच्या भागातला मोठा प्रश्न उन्हाचा. इन्सुलिनची बंद बाटली २ ते ८ डिग्रीत ठेवायची आणि उघडलेली २५-३० डिग्रीच्या आत जवळपास महिनाभर चालते. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो, टिनाच्या घरात त्याच्यापेक्षा जास्त. फ्रीज आहे पण जूनच्या पहिल्या वादळात तार तुटली की लाईन दोन दोन दिवस येत नाही. तेव्हा मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात लहान मडकं, त्यात डब्बीत बाटली, वरून ओलं फडकं, आणि ते सावलीत हवेशीर जागी ठेवतो, रेती सुकू द्यायची नाही. ही पद्धत डॉक्टरलोकच सांगतात. फ्रीजरमध्ये किंवा बर्फाला लावून कधीच ठेवू नका, गोठलं की ते इन्सुलिन कामातून गेलं. उन्हानं खराब झालेलं कधी कधी दिसायला जसंच्या तसं दिसते, फक्त शुगर खाली येत नाही, आणि घरचे म्हणतात पोरीनं चोरून काही खाल्लं असेल. लेकराला बोलायच्या आधी बाटली बदलून पाहा.

आणि सुईचं एक. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन जास्त करून ४० युनिटचं असते आणि दुसरं १०० युनिटचंही मिळते. ४० साठी लाल टोपणाची सुई, १०० साठी केशरी टोपणाची. मेडिकलवाल्यानं घाईत दुसरी दिली आणि घरच्यांनी पाहिलं नाही तर मोठा घोळ होतो. ४० च्या बाटलीतून केशरी सुईनं १० च्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात ४ च युनिट जातात. उलटं झालं, १०० चं इन्सुलिन लाल सुईत १० पर्यंत भरलं, तर २५ युनिट जातात, आणि ते लेकराच्या जिवावर येऊ शकते. बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दर वेळी दोन्ही पाहा.

शाळेत दुपारची खिचडी असते, तिच्याआधी सुई लागते. जाऊ आणि मी वाटून घेतलं, जी घरी असेल ती जाते. स्वतःचं वावर आहे म्हणून जमते, जी बाई दुसऱ्याच्या निंदणाला रोजानं जाते तिनं दुपारी काम सोडून शाळेत कसं जावं, दुसऱ्या दिवशी तिला कोणी बोलावेल का? आधीच्या मॅडम फार चांगल्या होत्या, त्यांनी स्वतःहून शुगर तपासायला शिकून घेतलं, वर्गात मध्येच खाऊ द्यायच्या, लघवीला अडवायच्या नाहीत. त्यांची बदली झाली, नवीन सर आले, ते म्हणाले काही झालं तर आमच्यावर येईल. त्यांची भीती पण मी समजू शकते, त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं राज्यांना पत्र पाठवलं होतं की टाइप वनच्या मुलांना शाळेत शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळेत खाऊ द्या, परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी, मीटर जवळ ठेवू द्या. सीबीएसईनं तर २०१७ लाच बोर्डाच्या परीक्षेत खाण्याचं सोबत नेऊ दिलं. हे गावातल्या दोन शिक्षकी शाळेपर्यंत पोचायला पाहिजे, नुसतं पत्र नाही, तालुक्याला सर-मॅडमची अर्ध्या दिवसाची ट्रेनिंग तरी. शाळेत तरी दुसरं माणूस तयार होईल.

खर्चाचं जास्त लिहीत नाही, प्रत्येकाला आपापला माहीत आहे. इन्सुलिनची साधी बाटली दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास पडते, ते जमते, पण शुगर पाहायची एक पट्टी पंधरा-वीस रुपयाची. कापूस वेचणीला किलोमागे दहा रुपयाच्या आसपास मिळतात, म्हणजे एका पट्टीला दीड-दोन किलो कापूस. मग माणूस पट्ट्या वाचवते, चारच्या जागी दोनदा तपासते, आणि अंदाजानं सुई देते. दंडाला चिकटवायचं सेन्सर पण आलं आहे, चौदा दिवस चालते, बोट टोचायची गरज फार राहत नाही, रात्रीची जागल कितीतरी हलकी होईल, पण ते हजारोंच्या घरात आहे आणि महिन्याला दोन लागतात. जन आरोग्य योजनेचा आधार लेकरू भरती झाल्यावर. भरती व्हायची पाळी येऊ नये म्हणून रोज जे लागते ते आपल्याच खिशातून.

आशाताई घरोघर शुगर-बीपीचा फॉर्म भरतात तो तीस वर्षांच्या वरच्यांचा. अंगणवाडी आणि शाळेत लेकरांना तपासायला गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, तिच्यात टाइप वनच्या लेकराची नीट नोंद आणि पाठपुरावा झाला पाहिजे. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आले, फार चांगलं झालं, विदर्भात सिकलसेलची किती घरं आहेत हे आम्ही पाहतो. टाइप वन त्या यादीत नाही. केरळ सरकारची टाइप वनच्या मुलांसाठी मिट्टायी नावाची वेगळी योजना आहे, तिच्यात इन्सुलिन आणि बाकीचं साहित्य सरकार देते. महाराष्ट्राला हे अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाची लस ठेवतात, कारण साप चावलेल्याला वेळ नसतो. इन्सुलिन संपलेल्या लेकराला पण एक-दोन दिवसांच्या वर वेळ नसतो. दोन बाटल्या इन्सुलिन, योग्य सुया आणि पट्ट्यांचा एक डबा, एवढं केंद्राच्या फ्रीजमध्ये कायम असावं आणि तिथल्या सिस्टरला लहान लेकराचं शिकवलेलं असावं.

एक-दोन दिवस हे मी अंदाजानं लिहिलं नाही. इन्सुलिन बंद केलं की इतक्यातच डीकेए सुरू होतो. म्हणून कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, कुठल्या बाबाचा अंगारा, हे ज्याला श्रद्धेनं करायचं त्यानं करावं पण सुई बंद करायला सांगू नये. आमच्याकडे पण एक जण येऊन गेला, सुईची सवय लागते म्हणे. जगायला जे लागते त्याला सवय कोणी म्हणत नाही.

काही नातेवाईक म्हणतात, पोरीची जात आहे, कोणाला सांगू नका, लग्न जमणार नाही. आम्ही सगळ्यांना सांगितलं आणि पुढंही सांगू. लपवलं तर ज्या दिवशी ती शाळेच्या रस्त्यात घामानं भिजून बसेल त्या दिवशी शेजारच्या माणसाला काय कळणार आहे? डॉक्टर म्हणतात शुगर सांभाळली तर शिक्षण, नोकरी, लग्न, लेकरंबाळं सगळं होते. दिराला क्रिकेटचा नाद, त्यांना कोणीतरी सांगितलं की वसीम अक्रमला १९९७ च्या सुमारास हाच आजार निघाला आणि तो त्यानंतर २००३ च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला. ते ऐकल्यावर दिरानं पोरीला खळ्यात बॅट घेऊन दिली, आता खेळायच्या आधी शुगर पाहणं तिचं तीच करते.

तुम्हाला दोन गोष्टी मागते साहेब. पुढं कधीही शुगरवर लेख छापाल तेव्हा तो कोणत्या शुगरबद्दल आहे हे वर मोठ्या अक्षरात लिहा, आणि इन्सुलिन चालू असलेल्या लेकराला हा सल्ला लागू नाही असं एक वाक्य टाका. आणि हे पत्र लांब झालं आहे, जागेप्रमाणे कापा, आमच्या घरचं सगळं कापलं तरी चालेल. फक्त तहान-लघवी-वजन-उलट्यांचा भाग, तीन चमचे साखरेचा भाग आणि लाल-केशरी टोपणाचा भाग तेवढा कापू नका.

आपली,
एक मोठी आई
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

(नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये. पण कोणाच्या घरी नवीन निदान झालं असेल आणि सुई शिकायची भीती वाटत असेल तर तुमच्या ऑफिसातून त्यांना माझा नंबर द्या, मी आणि जाऊ दोघी येऊन शिकवू.)